ट्रेचं वजन

पाटाचं पाणी बंद होऊन एकवीस दिवस झाले होते आणि आमच्या रोपवाटिकेच्या तिन्ही शेडमध्ये रोपं तशीच उभी होती. मिरची, टोमॅटो, कोबी. ज्यांनी सांगून ठेवलं होतं त्यांतला एकही न्यायला फिरकला नव्हता. सासरे एकेकाला फोन लावायचे आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं, पाणीच नाही तर रोपं नेऊन काय डोक्यावर लावणार?" नकार निदान आपल्या तोंडून आला, एवढंच समाधान.

रोप ट्रेमध्ये पंचवीस-तीस दिवस राहतं. त्यापुढे ते जून होतं. वरून हिरवंगार दिसतं, पण खाली मुळं कप्प्याच्या भिंतीला धडकून गोल गोल फिरत राहतात. असं रोप पुढे कितीही चांगल्या जमिनीत लावलं तरी मुळं गोलच फिरतात. हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या नणंदेला, धाकटीला, ते बोलायला लागायच्या आधीपासून माहीत असावं.

त्या मंगळवारी सकाळी ती रोजच्यासारखी शेडमधून चालली होती. दर आठ-दहा ट्रे सोडून एक ट्रे दोन्ही तळव्यांवर उचलायची, डोळे मिटायची, खाली ठेवायची. "याला आत्ता पाणी. हा दुपारपर्यंत थांबेल. ही सगळी रांग जड आहे, हिला आज हात लावायचा नाही." मग पाइप घ्यायची. पण पाणी लगेच रोपांवर सोडायची नाही. आधी मनगटावर घ्यायची, वाट बघायची, मग सोडायची. मी मागून झाडलोट करत होते आणि माझा अर्धा जीव कोपऱ्यातल्या क्रेटमध्ये होता. तिथे माझी ठकी बसवलेली होती. चौदा महिन्यांची. ट्रेमध्ये भरायच्या नारळाच्या भुशाचा प्रत्येक कण तिला तोंडात घालून बघायचा असतो. औषधाच्या बाटल्या मी फळीवर ठेवल्या होत्या, तरी दर दोन मिनिटांनी फळीकडे बघत होते. फळीला पाय फुटतील की काय अशी मला भीती.

सासरे उलट्या डब्यावर बसून भुसा भिजवत होते. हात न थांबवता म्हणाले, "सूनबाई, सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख म्हणे."

"हो, मामंजी."

"मग हिचं काय करायचं?"

धाकटीच्या हातात ट्रे होता. तो तिने खाली ठेवला नाही.

"एक ते शेतकीचं, लांबचं. एक इथलं, बाजारगावातलं, बिझनेसचं. या घरात पदवी झालेली तू एकटी. तीही बिझनेसचीच. तू म्हणशील ते भरू. आम्हाला काय कळतं? आम्ही मातीत हात घालणारी माणसं."

"माती कुठेय बाबा," धाकटी म्हणाली. "भुसा आहे."

"बघ. जीभ आहे. बिझनेसला बरी."

सासूबाई दारात पायरीवर गुडघे धरून बसल्या होत्या. उठताना त्यांना दोन माणसं लागतात, एक ओढायला आणि एक ऐकायला. त्या म्हणाल्या, "इथलं कॉलेज सकाळचं आहे. साताला गेली की अकराला घरी. ते लांबचं म्हणजे एक दिवस जायला, एक दिवस यायला. हिला ताप आला तर कोण बघणार तिथे?"

"मला ताप येत नाही," धाकटी म्हणाली.

"येत नाही, कारण घरी आहेस."

मी म्हणाले, "बघते. उद्या जाऊन चौकशी करते." केरसुणी हातात होतीच, तिच्यात तोंड लपवून पुढे सरकले.

धाकटीला काय हवंय ते सगळ्यांना माहीत होतं. शेतकी कॉलेजचं माहितीपत्रक बियाण्यांच्या पाकिटांच्या डब्यात ठेवलेलं होतं. घड्या पडून पडून फाटलेलं, मग चिकटपट्टी लावलेलं. मार्कही होते. फक्त ते कुणी बोलत नव्हतं. ती स्वतःही नाही. आमच्या घरात हवी ती गोष्ट मागायची नसते, दुसऱ्याच्या तोंडून निघायची वाट बघायची असते. या वेळी ते तोंड माझं होतं.

बुधवारी आम्ही दोघी निघणार म्हणून मी शेडमध्ये तक्ता लावला. तक्ते मला येतात. लग्न करून आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी भिंतीवर तीन तक्ते लावले होते. सासऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले होते, "आमच्या सूनबाईनं केलंय." मग तक्त्यांवर धूळ बसली. आज पुन्हा कागद काढला, कारण आम्ही नसताना पाणी नवरा देणार होता, आणि नवऱ्याला टेम्पोखेरीज दुसऱ्या कशाचा अंदाज नाही.

"किती वाजता लिहू?" मी धाकटीला विचारलं.

"वेळ नाही लिहिता येणार, वहिनी. उचलून बघायला सांगा दादाला."

"त्याला कळेल का?"

"नाही कळणार."

"मग?"

तिने खांदे उडवले. मी लिहिलं. आठ, बारा, चार. शेडप्रमाणे रकाने केले. खाली 'पाणी दिल्यावर खूण करावी' असंही लिहिलं. नवऱ्याने तक्ता वाचला आणि म्हणाला, "वा. आता मला डोकं घरी ठेवून आलं तरी चालेल." ठकीला सासूबाईंच्या मांडीत देताना मी सतरा सूचना दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिच्या बापालाही मीच वाढवलंय." मला तेवढ्याने धीर आला नाही.

फॉर्म भरायचं दुकान म्हणजे एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर आणि बाहेर बाक. बाकावर पंधरावीस मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. कॉम्प्युटरवर बसलेला माणूस तिशीचा असेल, पण डोळ्यांखाली पन्नाशी. आमचा नंबर आल्यावर त्याने न बघताच विचारलं, "बिझनेस?"

"चौकशी करायचीय," मी म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"दहातले सात तेच भरतात, ताई. नापास व्हायची भीती नाही, बोटं कापायची भीती नाही, घरच्यांना सांगायला नाव चांगलं." मग धाकटीकडे बघून हसला. "मीही तेच केलंय."

"मीही," मी म्हणाले.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. दवाखान्यात एकाच दुखण्याची दोन माणसं भेटतात तसं.

"तुमच्या वर्गात किती जणांना लागली नोकरी?" त्याने विचारलं.

"चाळीसात दोघांना. दोघं आधीच कुणाचे तरी मुलगे होते."

"आमच्याकडे एक. तो मोबाइलच्या दुकानात आहे. आम्ही त्याला साहेब म्हणतो." त्याने खुर्ची मागे ढकलली. "माझा मावसभाऊ वायरमनचं शिकला. दिवे गेले की अख्खा गाव त्याच्या मागे पळतो. मशीन बंद पडलं की माझ्याही मागे पळतात, पण मारायला. नर्सिंगवाल्या मुली बघा, लांब जातात, हातांची सालं निघतात, पण महिना भरला की कुणाकडे हात पसरत नाहीत. आणि आपण काय शिकलो? धंदा कसा करावा. धंदा ज्याच्याकडे आहे त्याला. ज्याच्याकडे नाही त्याने फॉर्म भरावेत."

"मग तुम्ही मुलांना सांगत नाही का असं?"

"सांगितलं तर भरणार कोण? माझं घर या फॉर्मांवर चालतं."

धाकटी पुढे सरकली. तिने विचारलं, "शेतकीचा फॉर्म इथे भरता येतो?"

"येतो की. अख्ख्या आठवड्यात कुणी विचारला नव्हता. थांब, यादी काढून देतो कागदांची." प्रिंटर घरघरला आणि मध्येच अडकला. "दहा मिनिटं बसा."

त्या दहा मिनिटांत मी समोरच्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन आले. रोपवाटिकेचं बियाणं आम्ही तिथूनच आणतो. गेल्या महिन्यात मालकीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, गल्ल्यामागे बसायला शिकलेली बाई हवी आहे. तेव्हापासून ती गोष्ट माझ्या पोटात होती. घरी कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. चार वर्षं मी त्या पदवीच्या कागदाला भिंतीवर टांगून ठेवलं होतं. कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्यासाठी खुर्ची देत होतं.

"दुपारी बारा ते सहा," मालकीणबाई म्हणाल्या. "रोज. मूल आजारी आहे, मूल रडतंय, असलं मला चालत नाही. घरी कोण बघेल?"

मी म्हणून गेले, "नणंद आहे घरी. सकाळचं कॉलेज करणार आहे. अकराला येते."

येणार आहे असंही नाही. येते. जणू ती दोन वर्षं येत होती.

परत आले तेव्हा धाकटी बाकावर यादी मांडीवर धरून बसली होती. बोटाने एकेक ओळ खाली जात होती. "वहिनी, सगळे कागद आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "एकही कमी नाही." तिचा चेहरा असा झाला होता की मी बसस्टॉपपर्यंत तिच्या एक पाऊल पुढे चालले.

घरी पोचायला चार वाजले. ठकी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती, गालाला भुसा. शेडमध्ये नवरा चारचं पाणी नुकतंच सोडत होता. तक्त्यावर आठला खूण, बाराला खूण.

धाकटी शेडच्या तोंडाशीच थांबली. मग धावत गेली आणि पाइप हातातून घेतला. पाणी मनगटावर घेतलं आणि हात झटकला.

"दादा, बाराला असंच सोडलंस?"

"असंच म्हणजे? पाणी सोडतात तसं सोडलं. तक्त्यात बारा लिहिलंय."

"पाइप उन्हात असतो. आतलं पाणी तापतं. आधी ते जाऊ द्यायचं असतं."

"ते कुठे लिहिलंय?"

मी तक्त्याकडे बघितलं. अक्षर सुरेख होतं. मी ठकीला अंघोळ घालते तेव्हा प्रत्येक तांब्या आधी मनगटावर घेते. एकदा नाही, दोनदा. चौदा महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही. आणि धाकटीला मी वर्षानुवर्षं तेच करताना बघत होते, पण माझ्या डोक्यात ते कधी लिहायची गोष्ट म्हणून आलंच नाही.

गुरुवारी टोमॅटोचे शेंडे वाकले. शुक्रवारी खोडं भुशालगत काळी पडून एकेक रोप आडवं झालं. ओळीच्या ओळी. धाकटी मेलेली रोपं चिमटीने उपटत होती म्हणजे शेजारच्यांना लागण होणार नाही. तिची नखं काळी झाली होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू द्या वहिनी, तुमच्या हातून चांगलीही निघतील." रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी विहिरीवाला यायचा होता. साऱ्या पंचक्रोशीत ज्याच्या विहिरीला अजून शेत भिजवण्याइतकं पाणी आहे असा तो एकच, आणि त्याने टोमॅटोच सांगून ठेवले होते. सासऱ्यांनी सकाळीच धुतलेला सदरा घातला. आम्ही चांगले ट्रे निवडून पुढे लावले. विहिरीवाला आला, पुढच्या रांगेकडे बघितलंच नाही, सरळ मागे गेला. बाजारात गाय बघणारा माणूस आधी शेपटी उचलतो तसा. एक रोप उपटलं, खोड दोन बोटांत दाबलं, वास घेतला.

"उकडलीत ही."

"ऊन फार आहे यंदा," सासरे म्हणाले.

"ऊन मलाही आहे. उन्हाने पानं करपतात, मुळं नाही उकडत. गरम पाणी कुणी घातलं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं. ते म्हणाले, "माझ्याच हातून झालं. वय झालं आता. लक्षात राहत नाही."

"मग तुमची ती पोरगी असते ना? ती असताना कसं झालं?"

"ती बाजारगावात गेली होती. कॉलेजच्या कामाला."

"कशाचं कॉलेज?"

सासरे सदऱ्याची बाही सारखी करायला लागले. विहिरीवाला हसला. "पोरीला कॉलेजला नंतर पाठवा, आधी तिच्याकडून घरच्यांना शिकवा." त्याने रोप ट्रेमध्ये परत ठेवलं, उभं, जणू ते पुन्हा रुजेल. गाडीत बसला. टेम्पो आम्ही धुवून तयार ठेवला होता. नवऱ्याने तो तसाच झाडाखाली परत लावला.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

"मग काय सांगू, शिकलेल्या माणसानं केलं? शिकलेलं माणूस चूकही लिहूनच करतं. आपण बोलून काय उपयोग." ते अगदी मायेने म्हणाले. हसायलासुद्धा लावलं नवऱ्याला. मी उठून वाढायला घेतलं.

रविवारी सकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना पडवीत बसवलं. मी मनाशी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. रोपांकडे बघून ठरवलं होतं. सांगायचं, मामंजी, माझ्या पदवीने मला तक्ता काढता येतो, तिला ट्रे उचलता येतो. तिला पाठवा. एवढं एकच वाक्य. सकाळपासून तीनदा ते तोंडात घोळवलं होतं.

सासरे म्हणाले, "मी खूप विचार केला. हे जे रोपांचं झालं, त्यावरूनच केला."

धाकटीने मान वर केली.

"पोरीला रोपातलं सगळं येतं. डोळे मिटून येतं. विहिरीवालाही तेच म्हणाला. आता जे येतंच आहे ते शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं? ज्याला पोहता येतं त्याला कुणी विहिरीत ढकलून शिकवतं का? जे येत नाही ते शिकावं. आपल्याला बिझनेस येत नाही. रोपं आपली चांगली होतात, विकली जात नाहीत. म्हणजे खोट कुठे आहे? विकण्यात. बरोबर का, सूनबाई?"

नवरा म्हणाला, "पण ही तर आहेच की बिझनेस शिकलेली. हिच्यानं कुठे विकली गेली?"

"तू गप. ती बाहेरची आली, तिला रोपांतलं कळत नाही म्हणून अडलं. पोरीला दोन्ही येईल. घरची आहे." मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, "वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही, मामंजी."

"मग सांग. माझं चुकत असेल तर सांग. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही."

उत्तर सोपं होतं. पोहता येणाऱ्यालाच समुद्रात पाठवतात, असं काहीतरी मी म्हणू शकले असते. पाट बंद आहे म्हणून रोपं विकली जात नाहीत, त्याला जगातली कुठलीच पदवी पाणी आणणार नाही, हेही म्हणू शकले असते. फॉर्मच्या दुकानातल्या माणसाचं सांगू शकले असते. धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. ती ठकीकडे बघत होती. ठकीने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं आणि ते ती हळूच काढून घेत होती, पुन्हा पुन्हा, न चिडता. मला बारा ते सहा दिसलं. गल्ल्यामागची खुर्ची दिसली. अकरा वाजता फाटकातून येणारी धाकटी दिसली.

"खरं आहे तुमचं," मी म्हणाले.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "चला. सुटलं एकदाचं."

धाकटी उठली, ठकीला कडेवर घेतलं आणि शेडकडे गेली. दुपारी मी बियाण्यांचा डबा उघडला तेव्हा माहितीपत्रक तिथे नव्हतं. फेकलेलंही दिसलं नाही. मी कचऱ्यातही बघितलं.

सोमवारी फॉर्मच्या दुकानात रांग रस्त्यापर्यंत आली होती. त्या माणसाने आम्हाला ओळखलं. आमच्या चेहऱ्यांवरून त्याला कळलं असणार, कारण त्याने काही विचारलं नाही, नुसता बिझनेसचा फॉर्म उघडला. नाव, पत्ता, मार्क. मग म्हणाला, "इथे दोन ओळी लागतात. 'हा विषय का निवडला.' तुझ्या मनाने सांग, मी टाइप करतो."

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. मागचे चुळबुळ करायला लागले. कुणीतरी म्हणालं, "अहो, लग्नाचा निर्णय आहे का, आटपा."

"वहिनी, तुम्ही काय लिहिलं होतं?"

मला आठवत नसेल असं वाटलं होतं. पण शब्द न् शब्द आठवला. मी अठरा वर्षांची असताना माझ्या मामाने सांगितलेलं वाक्य, ते त्याला कुणीतरी सांगितलेलं. "आजच्या स्पर्धेच्या युगात," मी सांगायला लागले. त्या माणसाची बोटं माझ्या पुढे पळत होती. माझं वाक्य संपायच्या आत त्याचं टाइप करून झालं होतं. "सगळे हेच सांगतात," तो म्हणाला. "मीही हेच लिहिलं होतं."

धाकटीने वाचून बघितलं आणि मान हलवली. बटण दाबलं गेलं. ती मला म्हणाली, "तुम्हाला समोर जायचंय ना? जाऊन या. मी थांबते."

"कुठे समोर?"

"बियाण्यांच्या दुकानात. त्या दिवशीही गेला होतात. बाकावरून दिसतं सगळं." एवढंच. मग थोडं थांबून, "ठकीला दुपारी बाटली मी देईन. तिला माझ्या हातची सवय आहे."

मी समोर गेले. पाय नेत होते म्हणून गेले. गल्ल्यामागे एक कोवळी मुलगी बसली होती आणि पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यावर फुलं काढत होती. मालकीणबाई म्हणाल्या, "पुतणीला बसवलंय. तसंही पाट सुटेपर्यंत गिऱ्हाईक कुठेय? तिला नुसतं बसून राहायचंय. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला नुसतं बसवणं बरं दिसलं नसतं." मी हसले. मिरचीच्या बियाण्याचा भाव विचारला आणि बाहेर आले.

धाकटीने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि दोघींनी खिडकीबाहेर बघितलं, ती या बाजूला, मी तिच्या पलीकडून त्याच बाजूला.

पुढच्या आठवड्यात आम्ही जून रोपं काढून टाकली. ट्रे उलटा करायचा, पाठीवर थाप मारायची, आणि रोप कप्प्याच्याच आकाराचं बाहेर यायचं. पांढऱ्या मुळांचं घट्ट विणलेलं बूच. भुसा दिसतसुद्धा नव्हता, नुसती मुळं. ठकीला तो खेळ वाटला. ती एकेक बूच उचलून आम्हाला आणून द्यायची, आम्ही ते ढिगावर टाकायचो, ती पुन्हा आणून द्यायची. तीन दिवसांत तिन्ही शेड रिकाम्या झाल्या. ढीग उन्हात दोन दिवस हिरवा राहिला.

पाट महिन्याने सुटला. तोवर धाकटीचं कॉलेज सुरू झालं होतं. साताला जाते, अकराला येते, येऊन ठकीला घेते. मी घरीच असते, पण तरी ती घेते. माझ्या जुन्या वह्या तिनेच मागून घेतल्या. पहिल्या पानावर माझं नाव होतं, त्याच्याखाली तिने तिचं लिहिलं. मागच्या मंगळवारी तिला घरचा अभ्यास होता, एखाद्या कामाची वेळ आणि टप्पे तक्त्यात मांडा. तिने पाण्याचा तक्ता केला. सासऱ्यांनी तो स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावला, माझ्या जुन्या तक्त्याच्या जागी. पाइपातलं पाणी आधी दोन मिनिटं जाऊ द्यावं, हे तिने पहिल्या ओळीत लिहिलं होतं. बाकी आठ, बारा, चार.

नवीन टोमॅटो उगवून वर आले आहेत. काल चारच्या पाण्याला मी शेडमध्ये होते. धाकटी तक्त्यासमोर उभी होती, एका हातात पेन्सिल, एका हातात पाइप. पाणी जमिनीवर जात होतं आणि ती मनगटाकडे नाही, घड्याळाकडे बघत होती. दोन मिनिटं झाल्यावर तिने पाइप रोपांकडे वळवला आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. कुठेही थांबली नाही. एकही ट्रे उचलला नाही.

"बघायचं नाही का उचलून?" मी विचारलं.

"आता तक्ता आहे ना, वहिनी," ती म्हणाली. टोमणा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर शोधला, खूप शोधला. नव्हता.

ती खूण करून ठकीकडे गेली. मी मागच्या रांगेतला एक ट्रे तिच्यासारखाच दोन्ही तळव्यांवर उचलला. डोळे मिटले. पाण्याचे थेंब मनगटावरून कोपरापर्यंत आले. बराच वेळ तशीच उभी राहिले. ट्रे जड आहे की हलका, ते मला कळेना.